४१ डिग्रीत संक्रांत! मेलबर्नला बोरन्हाण कसं करावं?

झुळूक | ८ जानेवारी, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,
बरेच दिवस नुसतीच वाचक आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. धाकटा आता २२ महिन्यांचा झाला. पहिल्या संक्रांतीला आमचं घर बदलणं चालू होतं त्यामुळे त्याचं बोरन्हाण राहिलं. यंदा झालंच पाहिजे असं साबांचं (सासूबाईंचं) पुण्याहून फर्मान आहे, आणि त्यांनी येणाऱ्या मैत्रिणीबरोबर झबलं, हलव्याचे दागिने, मुकुट, बासरी सगळं पाठवूनही दिलंय. फार गोड आहे सगळं. पण झबलं काळ्या वेलवेटचं आहे. वेलवेटचं! वर अस्तर लावलेलं!

आणि हवामानवाले १४ तारखेला ४१ दाखवतायत. आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला राहतो, नवीन वस्ती, झाडं अजून गुडघ्याएवढी, मागच्या अंगणातलं गवत कधीच पिवळं पडलंय. साबांना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या अगं पण संक्रांत आहे ना, सकाळी कोवळ्या उन्हात घे. इथलं कोवळं ऊन म्हणजे काय ते त्यांना कसं सांगू.

तर (१) बोरं कुठून आणायची (२) दागिने वितळतील का, मुंग्या लागतील का (३) तिळगूळ उन्हाळ्यात कसा टिकवायचा आणि मुलांना बाधणार नाही ना. आणि चौथा प्रश्न थोरलीचा आहे, ती ६ वर्षांची आहे. आजीने तिला सांगितलं की थंडी असते म्हणून तीळ खायचे आणि काळे कपडे घालायचे. तर ती मला म्हणाली, मग आपण कशाला? मी म्हटलं कारण आपण मराठी आहोत. तिने जे काही तोंड केलंय ना, मलाच माझं उत्तर पटलं नाही.

---

नागपुरी_संत्रं | ८ जानेवारी, रात्री १०:२०

४१ ला गरम म्हणून राहिल्या तुम्ही? आमच्याकडे मे महिन्यात ४५ मधे नवरदेव शेरवानी घालून घोड्यावर बसते बाप्पा. दिवे घ्या (म्हणजे गमतीत घ्या) :)
बरं गंमत सोडा, सकाळी साडेसातला उरकून टाका. खोलीत जाड पडदे लावून ठेवा आदल्या रात्रीपासून. अन् वेलवेटचं झबलं फक्त फोटोपुरतं. लेकरू रडायला लागलं का काढून टाका, कोणी बघायला येत नाही पुण्याहून.

---

हिमगौरी | ८ जानेवारी, रात्री १०:४१

विनिपेगहून लिहितेय, आत्ता बाहेर उणे २४. तुमच्यातले दहा-पंधरा पाठवा इकडे. आमच्या हळदीकुंकवाला दारात बुटांचा असा ढीग पडतो की शेवटी कोण कुणाचे घालून गेलं ते कळत नाही, मागच्या वर्षी मी दोन्ही डावे घेऊन घरी आले.
तिळगूळ मात्र इथे दगडासारखा होतो. म्हणजे तुमचा वितळतो आमचा दात पाडतो, नीट कुणाचाच होत नाही.

---

कडूलिंब | ८ जानेवारी, रात्री ११:०५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सणामागे ऋतू असतो. ऋतूच नसेल तर उरतो तो फॅन्सी ड्रेस. तुमच्याकडचेच लोक जुलैमधे थंडीत परत एकदा ख्रिसमस करतात ना, सिडनीजवळ ब्लू माउंटन्समधे शेकोट्या, रोस्ट वगैरे? तसं तुम्हीही बोरन्हाण जुलैत करा. तीळ, बाजरी, काळे कपडे सगळ्याला अर्थ येईल. बाळाला घाम नाही, तुम्हाला ताप नाही.

---

उसाचा_रस | ९ जानेवारी, सकाळी ७:१५

कडूलिंब, जुलैचा ख्रिसमस म्हणजे हॉटेलातलं जेवण आणि मजा हो. खरा ख्रिसमस इथे २५ डिसेंबरलाच होतो, भर उन्हाळ्यात. कोळंबी, थंड हॅम, पावलोवा, मग समुद्रावर. मेलबर्नला मेणबत्त्या लावून कॅरल्स म्हणायचा कार्यक्रम १९३८ पासून चालू आहे, उघड्यावर, उन्हाळ्याच्या रात्री, लोक चटया घेऊन जातात. आणि पोरं शाळेत कापसाचा बर्फ चिकटवून कार्डं करतात ज्यांनी जन्मात बर्फ बघितलेला नाही. या लोकांनी तारीख नाही हलवली, ताट बदललं. आपण पण तेच करावं असं माझं मत. मी २० वर्षं इथे आहे.

झुळूक, तुझ्या प्रश्नांकडे येतो.
बोरं विसर. भारतातून ताजं फळ आणायच्या भानगडीत तर पडूच नका कुणी, एअरपोर्टवर काढून घेतात आणि वर दंड. आशियाई दुकानात चिनी बोरं येतात पण ती इथल्या उन्हाळ्याच्या शेवटी, तोवर संक्रांत होऊन जाते. आम्ही चेरी वापरतो. जानेवारीत चेरीचा सीझन असतो, बोराएवढीच, लाल, पोरं वेड्यासारखी गोळा करतात. डाग पडतात पण झबलं काळंच आहे, तेवढाच काळ्या रंगाचा उपयोग! ऊस फुट्सक्रे किंवा स्प्रिंगव्हेलला व्हिएतनामी दुकानात मिळतो, रसवाल्याला सांगितलंस तर कांडी सोलून देतो.

आणि ४१ चं मनावर घेऊ नकोस एवढं. २०१४ ला १४ ते १७ जानेवारी सलग चार दिवस ४१ च्या वर होतं मेलबर्न, टेनिसची मॅच थांबवलेली त्यांनी. आमच्याकडे त्या आठवड्यात १७ बायका हळदीकुंकवाला आल्या होत्या. एसी बंद पडला. सगळ्यांना वाण म्हणून बायकोने स्टीलचे डबे आणले होते, त्या डब्यांच्या झाकणांनीच सगळ्या वारा घेत बसल्या.

---

सिस्टरताई | ९ जानेवारी, सकाळी ८:३०

मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे म्हणून राहवत नाही. २२ महिन्यांच्या बाळाच्या डोक्यावरून अख्खे हरभरे, शेंगदाणे, बिया असलेल्या चेरी, अख्खी द्राक्षं टाकू नका प्लीज. खाली पडलं की पहिलं तोंडात जातं. मोठ्या मुलांसाठी वेगळी वाटी ठेवा आणि बाळावर फक्त मुरमुरे, ते पण थोडे, आणि कुणीतरी एक माणूस फक्त त्याच्या तोंडाकडे बघायला. हलव्याचे दाणे तुटून पडतात तेही लक्षात ठेवा. बस एवढंच, रसभंगाबद्दल सॉरी.

---

आज्जीचा_बटवा | ९ जानेवारी, दुपारी १२:१०

अगं झुळूक, मी पुण्यातलीच, तुझ्या साबांच्याच वयाची असेन, म्हणजे मी आता विरुद्ध पार्टीची आहे असं समज.

दागिने अंगाला लावू नकोस. घामाने हलवा चिकट होतो आणि मग टोचतो पण. आधी सुती झबलं, त्यावर दागिने. वेलवेट नकोच. तुझ्याकडे जुनी चंद्रकळा असेल तर तिच्या पदराचं झबलं शिव, हाताने दोन टाके घातलेस तरी चालेल. माझ्या तिन्ही नातवंडांची झबली तशीच केली. हलवा उरला तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, फ्रिजमधे अजिबात नको, बाहेर काढला की पाणी सुटतं आणि काटा बसतो. काटेरी हलवा करायला आम्हाला पहाटेची कोरडी थंडी लागायची, मंद शेगडीवर परात ठेवून थेंब थेंब पाक घालत बोटांनी फिरवत बसायचं, बोटं भाजायची, त्यामुळे उकाड्यात घरी करायच्या भानगडीत पडू नकोस.

तिळगुळाचं म्हणशील तर चिक्कीचा गूळ घेऊ नकोस. साधा गूळ किसून, तीळ भाजून जाडसर कुटून, शेंगदाण्याचं कूट, खोबरं, थोडं तूप, वेलची, आणि नुसते हाताने मळून लाडू. पाक नाही काही नाही. मऊ राहतात, मुलांना चावतात. गूळपोळी तर बाहेरच छान टिकते, उलट खुसखुशीत राहते.

तीळ उष्ण असतात हे खरं. मग एक लाडू खावा, वर ताक प्यावं. पोरांना कुणी वाडगाभर खायला सांगितलंय?

---

झुळूक | ९ जानेवारी, दुपारी ३:००

बाप रे किती प्रतिसाद! सगळ्यांचे खूप आभार. सिस्टरताई, रसभंग कसला, हे मला सुचलंच नव्हतं. आज्जी, चंद्रकळा नाहीये पण एक काळी सुती ओढणी आहे, तिचा बळी देते.
कडूलिंब, तुमचं म्हणणं पटतं हो थोडंसं, पण जुलैत केलं तर आम्ही एकटेच. १४ ला सगळे फोनवर असतात, तिकडे आत्याकडे हळदीकुंकू चालू असतं, मुलं स्क्रीनवर लाडू दाखवतात. ते जुलैत कुठून आणू?

थोरलीचा प्रश्न अजून उधार आहे बरं का.

---

ताराघर | ९ जानेवारी, रात्री ८:२५

अवांतर वाटेल पण थोरलीसाठी लिहितो.

आधी एक गैरसमज. संक्रांतीला उत्तरायण सुरू होतं असं आपण म्हणतो, पण सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरलाच. संक्रांत म्हणजे सूर्य मकर राशीत जाणं. अयनचलनामुळे (पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, त्यामुळे) ही तारीख साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती. म्हणजे तारीख कुणी न हलवताही सण हलतोच आहे, कडूलिंबरावांनी नोंद घ्यावी.

आता मेलबर्न. आपण इकडे म्हणतो दिवस तिळातिळाने मोठा होतो. तुमच्याकडे उलट. डिसेंबरात तिथे दिवस जवळजवळ पावणेपंधरा तासांचा असतो आणि मग तिळातिळाने लहान होत जातो. सूर्य तुमच्याकडून निघतो आणि आजीकडे यायला लागतो. दुपारी तो तुमच्या उत्तरेलाच असतो, सावली दक्षिणेला पडते.

लेकीला हे सांगू नका, मोजायला लावा. बरोब्बर मीटरभर लांब काठी घ्या, अंगणात सरळ उभी करा, दुपारी दीडच्या सुमारास (घड्याळ तासभर पुढे केलेलं असतं आणि वर मेलबर्न स्वतःच्या वेळेच्या पट्ट्यात पश्चिमेला आहे, म्हणून बाराला नाही) खडूने सावलीच्या टोकाला खूण करा. १४ जानेवारीला ३० सेंटिमीटरच्या आसपास भरेल. तीन आठवड्यांनी परत मोजा, ४० च्या आसपास. आजीला पुण्यात गच्चीवर तेच करू द्या, पावणेएकला. तिची आधी ८३ च्या आसपास भरेल आणि मग ७० च्या खाली येईल. दोघींनी आकडे लिहून ठेवायचे.

---

किवीकाकू | १० जानेवारी, सकाळी ६:०५

काय भारी कल्पना आहे ही काठीची!
ऑकलंडला आम्ही एवढे भाजत नाही, पंचवीसच्या आसपास असतं. माझ्या लेकीचं बोरन्हाण मी हवा भरायच्या टबात केलं होतं. पाट ठेवण्याऐवजी बाळ टबात, म्हणजे सगळी लूट आतच पडते, गवतात शोधत बसायला नको. औक्षण, मुरमुरे, गाणी, फोटो, मग बाळाला उचललं, टब झाडला, पाणी भरलं आणि सगळी पोरं आत सोडली. न्हाण म्हणायचं ना मग न्हाणच! उरलेले मुरमुरे लगेच झाडा नाहीतर पक्षी येतात.

---

येवलेकर | १० जानेवारी, सकाळी ९:४०

पतंगाचं कुणीच काही बोललं नाही? आमच्या येवल्यात भोगी, संक्रांत, कर तीन दिवस कुणी घरात नसतं, बायका-पोरं म्हातारे सगळे गच्चीवर, आसारी (दोऱ्याची फिरकी) हातात. तुमच्याकडे वाऱ्याला काय कमी, बाळ झोपलं की थोरलीला घेऊन समुद्रावर जा. साधा दोरा वापरा, मांजा नको, तिथे पक्षी फार.

---

उसाचा_रस | १० जानेवारी, सकाळी १०:१२

येवलेकर +१. झुळूक, अल्टोनाचा किनारा तुला जवळ पडेल. पण दुपारी वारा फिरला की सांभाळून. ४० वरून अर्ध्या तासात २२ ला येतं इथे, पतंग काय छत्र्या उडून जातात.
आणि अजून एक महत्त्वाचं राहिलं. आंबा! इथे डिसेंबर-जानेवारी म्हणजे आंब्याचा सीझन, क्वीन्सलंडचा बोवेन नाहीतर कॅलिप्सो. हापूस नाही तो, मान्य. पण आमच्या घरी संक्रांतीला गूळपोळी आणि आमरस असतो. माझ्या मुलीला वाटायचं की संक्रांत हा आंब्याचाच सण आहे, भारतात गेलो एकदा जानेवारीत तर आजीला विचारते, आंबे कुठे लपवलेत?

---

आज्जीचा_बटवा | १० जानेवारी, दुपारी १:०२

गूळपोळीबरोबर आमरस???
बरं बाई. करा. तूप घाला पोळीवर निदान.

---

सिस्टरताई | १० जानेवारी, रात्री ९:१८

आणि १४ तारखेचा हट्ट नको हं. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, तीन आठवडे हातात आहेत, बरा दिवस बघून करा.

---

झुळूक | १९ जानेवारी, रात्री १०:३५

वृत्तांत द्यायला उशीर झाला, सॉरी. झालं एकदाचं!

१४ ला खरंच ४१ होतं. त्या दिवशी फक्त देवापुढे सुगड, तिळगूळ, व्हिडिओ कॉल आणि पडदे बंद करून घरात. (सुगडं म्हणजे दुकानात मिळाल्या त्या मातीच्या छोट्या कुंड्या, तळाला भोक होतं, हरभरे गळू नयेत म्हणून आत कागद घातला. साबांना सांगू नका.) भोगीची भाजी फ्रोझन पावटा, फ्रोझन हरभरा आणि ताजी वांगी-गाजरं घालून केली, बाजरीची भाकरी कशीबशी थापली. ती खाऊन नवरोबा म्हणाले छान आहे पण आता मला फॅनखाली झोपू द्या.

बोरन्हाण काल शनिवारी केलं. अंदाज ३६ चा होता, संध्याकाळी वारा फिरेल म्हणत होते, म्हणून सगळ्यांना सहाला बोलावलं. मला वाटलेलं दिवेलागणीला औक्षण करू, छान निरांजनाचा उजेड पडेल फोटोत. पण इथे पावणेनऊपर्यंत ऊन! आणि धाकट्याची झोपायची वेळ साडेसात. म्हणजे दिवेलागण रद्द, लख्ख उन्हात निरांजन, ज्योत दिसतच नाहीये, साबा फोनवरून विचारतायत पेटवलंस ना?

टबची आयडिया एकदम मस्त. ओढणीचं झबलं, त्यावर हार-बाजूबंद. मुकुट त्याने चार सेकंदात काढला आणि खाल्ला. अर्धा. फक्त मुरमुरे टाकले त्याच्यावर आणि मोठ्या पोरांसाठी चेरी आणि उसाचे तुकडे वेगळे. दुसरी वाटी टाकणार तेवढ्यात वारा फिरला. म्हणजे असा फिरला की टबातले मुरमुरे उठून कुंपणावरून शेजारी! शेजारच्या इटालियन आजी दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला बाहेर आल्या होत्या, त्यांच्या केसात मुरमुरे. मी सॉरी सॉरी करत धावले तर त्या हसतायत. त्यांना आत बोलावलं, हळदीकुंकू लावलं, लाडू दिला. म्हणाल्या माझी आई डिसेंबरात असंच ओव्हन लावून भट्टीत उभी राहायची, आम्ही ओरडायचो, आता मीही तेच करते. मग वाण म्हणून दिलेला डबा बराच वेळ उघडून झाकून बघत बसल्या आणि घरी जाऊन टोमॅटो भरून परत घेऊन आल्या.

वेलवेटचं झबलं घालून पण एक फोटो काढला, एसीसमोर, ४ मिनिटं. साबा खूश. तो फोटो फ्रेम होणार आहे असं कळतंय.

आमरस-गूळपोळी हिट आहे. आज्जी, एकदा खाऊन बघाच.

काठी: १४ तारखेला भर उन्हात टोपी, सनस्क्रीन लावून मायलेकी बाहेर. ३१ सेंमी. आजीची गच्चीवर ८४, पण आजीने काठी म्हणून लाटणं आणि झाडूचा दांडा बांधून मीटर पूर्ण केलाय त्यामुळे एक-दोन इकडेतिकडे.

---

कडूलिंब | १९ जानेवारी, रात्री ११:२०

वाचून मजा आली. इटालियन आजींना आमचा नमस्कार. माझं मत पूर्ण बदललेलं नाही, पण जुलैचा आग्रह मागे घेतो. पुढची मोजणी कधी?

---

झुळूक | ५ फेब्रुवारी, रात्री ८:५५

धागा वर काढतेय कारण ताराघर आणि कडूलिंब दोघांनी विपूत (माझ्या विचारपुशीत) विचारलं.

काल मोजलं. आमची ४०, पुण्याची ६९. थोरलीने फ्रिजवर कागद लावलाय, एका बाजूला ‘आजी’, एका बाजूला ‘मी’, मधे बाण. काल फोनवर आजीला म्हणाली, तुझी कमी होतेय म्हणजे तुझ्याकडे आता उकडणार, तू तीळ खाणं बंद कर, आम्ही चालू ठेवतो. साबांनी डब्यातले उरलेले लाडू कॅमेऱ्यासमोर आणून दाखवले, मोजून सात होते, आणि म्हणाल्या बरं, हे संपेपर्यंत तरी परवानगी दे.

तिने पाचची दिलीये. दोन आजोबांना.